परभाषांच्या सहवासात पाऊणशे वर्षे : पीपल्स महाविद्यालय आणि नांदेड-लातूरची भाषाशिक्षण-परंपरा

शिक्षणसंस्थेचा इतिहास लिहावयाचा म्हणजे इमारतींची बांधणी, विद्यार्थ्यांची वाढती संख्या आणि परीक्षांचे निकाल यांचा ताळेबंद मांडावयाचा, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे, आणि ती अगदीच निराधार आहे असेही नाही. परंतु १९५० साली नांदेडात सुरू झालेल्या पीपल्स महाविद्यालयाच्या पंचाहत्तर वर्षांकडे पाहू लागले म्हणजे हा ताळेबंद अपुरा वाटतो. कारण ज्या मुलखात घराची भाषा एक, कचेरीची दुसरी आणि परीक्षेची तिसरी अशी स्थिती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, त्या मुलखात लोकांनी लोकांसाठी काढलेल्या महाविद्यालयाला इतर सर्व प्रश्नांच्या आधी भाषेच्या प्रश्नाला सामोरे जावे लागले. म्हणून प्रस्तुत लेखात पदवीच्या विद्यार्थ्याने परकी भाषा आणि तिच्यामागे उभी असलेली परकी संस्कृती कशी अभ्यासली, हा एकच धागा हाती धरला आहे. हा धागा नांदेडच्या वेशीपाशी तुटत नाही. लातूरची महाविद्यालये याच विद्यापीठीय कुटुंबातील असल्यामुळे आणि या इतिहासातील एक महत्त्वाचे पर्व तेथेच घडल्यामुळे त्यांचा वृत्तांतही ओघानेच येथे आला आहे.

पूर्वपीठिका : १९५० पूर्वी

नांदेडला परभाषा नवी नव्हती. ज्यांच्या अखेरच्या वास्तव्याने व १७०८ सालच्या देहावसानाने हे नगर शीख समाजाचे तीर्थक्षेत्र झाले, त्या गुरू गोविंदसिंगांनी औरंगजेबाला लिहिलेले ‘जफरनामा’ हे पत्र फारसी पद्यात आहे. निजामी अमलात दफ्तराची भाषा एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकापर्यंत फारसी राहिली आणि त्यानंतर तिची जागा उर्दूने घेतली. तथापि जमाबंदी, मुंतखब, कौलनामा, पेशकार, मोहतमीम हा सारा शब्दसंसार जसाच्या तसा टिकून राहिल्यामुळे तहसिलीत साधा अर्ज गुदरावयाचा तरी मराठी कास्तकाराला अर्जनवीसाची मनधरणी करावी लागे. ज्या घरांना वतन किंवा नोकरी राखावयाची होती, त्या घरांतील मुले मौलवीसाहेबांपुढे बसून फारसी गिरवीत. ती शिकताना फारसी कवी सादीच्या नीतिकथा कानावर पडत खऱ्या, पण शिकण्याचे प्रयोजन कचेरीचे होते, काव्याचे नव्हते. परभाषा पोटासाठी शिकावी लागते आणि शिकता शिकता तिच्यातले काही मनात रुजून राहते, ही या भूमीची पहिली भाषिक शिकवण होय.

१९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. उच्च शिक्षण देशी भाषेतून देण्याचा तो हिंदुस्थानातील एक मोठा प्रयोग होता, आणि त्यासाठी निघालेल्या ‘दारुल तर्जुमा’ या भाषांतर-खात्याने इतिहास, तत्त्वज्ञान व विज्ञान यांवरील पाश्चात्त्य ग्रंथ उर्दूत आणले. पण हैदराबाद संस्थानातील मराठी, तेलुगू व कानडी भाषकांना हे माध्यम आपले वाटणे शक्य नव्हते. उर्दूतून विषय शिकावयाचे, इंग्रजी ही आवश्यक भाषा म्हणून वेगळी शिकावयाची आणि स्वतःची मराठी घरी ठेवून यावयाची, असा तो त्रिविध भार होता. १९२३ साली औरंगाबादेत इंटरमीजिएट कॉलेज निघाल्यावर मराठवाड्यातील मुलांची काहीशी सोय झाली, तरी पदवीसाठी हैदराबादच गाठावे लागे. नांदेडचा विद्यार्थी गोदावरी खोऱ्यातील मीटरगेजने सिकंदराबादेस उतरे. लातूरच्या विद्यार्थ्याला बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी कुर्डुवाडीमार्गे सोलापूर-पुण्याकडे नेई. एकाच प्रांतातील दोन गावांची तोंडे अशी दोन दिशांना होती, आणि पुढील भाषाशिक्षणावरही या दिशांचा ठसा दीर्घकाळ राहिला.

पहिले दशक : १९५०–१९६०

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि मराठवाड्यात ज्ञानाच्या संस्था उभारण्याची एक लाट उसळली. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने नांदेड एज्युकेशन सोसायटीने १९५० साली पीपल्स महाविद्यालय सुरू केले. स्वामीजी मूळचे शिक्षक. हिप्परगा व अंबाजोगाई येथील शाळांतून त्यांनी अध्यापन केले होते, तरुणपणी कामगार-पुढारी ना. म. जोशी यांच्यासमवेत काम केले होते, आणि कानडी मुलखात जन्मून मराठीत वाढलेल्या या संन्याशाने आपल्या लढ्याच्या आठवणी पुढे, १९६७ साली, इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. एकाहून अधिक भाषांत सहज वावरणाऱ्या माणसाने काढलेली ही संस्था होती. मात्र तिच्या उभारणीचे श्रेय एकट्या पुढाऱ्याचे नाही. वकील, व्यापारी, शेतकरी, शाळामास्तर आणि मुक्तिसंग्रामातून नुकतेच मोकळे झालेले कार्यकर्ते यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे हातभार लावला, आणि त्यांतील बहुतेकांनी आपले नाव कोठे कोरले जावे अशी अपेक्षाही धरली नाही.

पहिल्या वर्गांपुढची अडचण मोठी चमत्कारिक होती. महाविद्यालय उस्मानिया विद्यापीठाच्या कक्षेत होते आणि त्या विद्यापीठाने सत्तांतरानंतर उर्दू सोडून इंग्रजी हे माध्यम स्वीकारले होते. त्यामुळे कोणी सरकारी शाळेत उर्दूतून शिकून आलेला, कोणी खासगी शाळेत मराठीतून शिकून आलेला, असे दोघेही एकाच बाकावर बसून इंग्रजी व्याख्यान ऐकत आणि दोघांनाही ते सारखेच दुर्बोध वाटे. अशा वेळी अध्यापकांनी जो मार्ग काढला, त्याची नोंद कोणत्याही अहवालात सापडावयाची नाही, पण त्याच मार्गाने या भागात परभाषेचे अध्यापन रुजले. एक ओळ इंग्रजीत वाचावयाची, तिचा अन्वय मराठीत लावावयाचा, अडलेला शब्द मराठीत न उलगडला तर उर्दूत सांगावयाचा आणि शेवटी तीच ओळ पुन्हा इंग्रजीत म्हणवून घ्यावयाची, अशी ती रीत होती. वर्ड्‌स्वर्थच्या कवितेतील डॅफोडिलची फुले येथे कोणी पाहिलेली नव्हती. तेव्हा गोदाकाठच्या मुलांना माघात पिवळ्याजर्द झालेल्या करडईच्या वावराची आठवण करून द्यावी लागे, आणि मग तळ्याकाठी वाऱ्यावर डोलणारा तो परदेशी ताटवा त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राही. घरी गेल्यावर तर्खडकरांची भाषांतर-पाठमाला पुढे घेऊन कंदिलाच्या उजेडात वाक्यांमागून वाक्ये इंग्रजीत उतरवण्याचा परिपाठ असे. शहरी महाविद्यालयांतील पद्धतीच्या मानाने ही रीत ओबडधोबड खरी, परंतु तिच्यात एक गुण होता : परकी गोष्ट आपल्या अनुभवाच्या भाषेत आणल्याखेरीज ती समजली असे मानावयाचे नाही, हा आग्रह तिच्या मुळाशी होता.

१९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले, सुंदरराव डोंगरकेरी त्याचे पहिले कुलगुरू झाले, आणि पीपल्स महाविद्यालयाचा हैदराबादशी असलेला विद्यापीठीय संबंध संपला.

दुसरे दशक : १९६०–१९७०

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेबरोबर महाविद्यालयांचा विस्तार वेगाने झाला. लातुरात १९६१ साली दयानंद शिक्षण संस्थेचे महाविद्यालय निघाले, उदगिरात १९६२ साली महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालय उभे राहिले, नांदेडात १९६३ साली शारदा भवन संस्थेचे यशवंत महाविद्यालय सुरू झाले आणि त्याच वर्षी नांदेड एज्युकेशन सोसायटीने स्वतंत्र सायन्स कॉलेज काढले. नव्या महाविद्यालयाने जुन्याचा विद्यार्थी ओढावा आणि जुन्याने नव्याकडे किंचित संशयाने पाहावे, हे सर्वत्र घडते तसे येथेही घडले असेल. परंतु त्या स्पर्धेने विद्यार्थ्याचे कल्याणच झाले, एवढे म्हणून पुढे जाणे उचित होय.

या दशकातील खरा पालट वेगळाच होता. कला शाखेत मराठी माध्यम हळूहळू रुळले, आणि जी इंग्रजी कालपर्यंत सर्व विषयांचे माध्यम होती, ती आता वेळापत्रकातील एक विषय होऊन बसली. इंग्रजी आवश्यक, तिच्या जोडीला द्वितीय भाषा म्हणून मराठी, हिंदी, उर्दू, संस्कृत वा पाली यांपैकी एक, आणि त्यापुढे ऐच्छिक विषय, अशी पदवीची घडी बसली. ज्याने ऐच्छिक इंग्रजी घेतले तो विद्यार्थी शेक्सपिअरपर्यंत पोहोचे. बाकीच्यांचा इंग्रजीशी संबंध कम्पल्सरीच्या पेपरापुरता उरे, आणि ‘बी.ए. झाला असता, पण इंग्रजीत राहिला’ हे वाक्य गावोगाव ऐकू येऊ लागले. तीन वर्षांचे श्रम एका पेपरापाशी अडून राहिलेल्या या तरुणांची संख्या लहान नव्हती, आणि परभाषा-शिक्षणाच्या इतिहासात त्यांचा उल्लेख न करणे हा अन्याय ठरेल.

याच काळात साहाय्याची दोन दारे उघडी होती. हैदराबादेत १९५८ साली स्थापन झालेली केंद्रीय इंग्रजी संस्था नांदेडहून एका रात्रीच्या रेल्वे-प्रवासावर होती आणि इंग्रजीच्या अध्यापकांचे प्रशिक्षण हेच तिचे मुख्य कार्य होते. दुसरे दार मराठी साहित्याने उघडले. शिरवाडकरांनी ‘मॅक्बेथ’ आणि ‘ऑथेल्लो’ मराठी रंगभूमीला दिले होते. विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र १९५७ सालीच मराठीत आणले होते. इंग्रजीत अडखळणारा पण बुद्धीने तीक्ष्ण असलेला मराठवाड्यातील विद्यार्थी ग्रीक शोकांतिकेचा विचार या मराठी ग्रंथांच्या आधाराने करू लागला. भाषा कच्ची असतानाही संस्कृतीचा अभ्यास होऊ शकतो, हे यावरून दिसून आले.

तिसरे दशक : १९७०–१९८०

या इतिहासातील सर्वांत समृद्ध दशक हेच. १९७० साली लातुरात शिवछत्रपती शिक्षण संस्थेने राजर्षी शाहू महाविद्यालय सुरू केले आणि त्याचे संस्थापक प्राचार्य झाले इंग्रजीचे अध्यापक डॉ. जनार्दन वाघमारे. इंग्रजी साहित्य म्हणजे इंग्लंडचे साहित्य, ही त्या वेळच्या अभ्यासक्रमाची गृहीत धरलेली मर्यादा वाघमारे यांनी ओलांडली. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा त्यांनी सखोल अभ्यास केला आणि ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ लिहून तो विषय मराठी वाचकांपुढे ठेवला. अमेरिकेत अध्ययन करून आलेले डॉ. म. ना. वानखेडे यांनीही याच सुमारास मराठी लेखकांना त्या साहित्याकडे पाहण्याचे आवाहन केले होते.

या अभ्यासाचा परिणाम वर्गाबाहेर किती दूर गेला हे पाहिले, म्हणजे परकी संस्कृती अभ्यासण्याचे मोल ध्यानी येते. मराठवाड्यात तेव्हा दलित साहित्याची चळवळ आकार घेत होती. औरंगाबादेतून निघणारे ‘अस्मितादर्श’ हे तिचे एक प्रमुख व्यासपीठ होते आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, तिचे नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतलेले होते. रिचर्ड राइट, लँग्स्टन ह्यूज, जेम्स बाल्डविन ही नावे ज्या तरुणांनी कोणत्याही इंग्रजी पाठ्यपुस्तकात पाहिली नव्हती, त्यांना ती मराठी लेखांतून व मराठी चर्चांतून ओळखीची झाली. दूरच्या समाजाच्या दुःखाची भाषा शिकल्याने आपल्या समाजाच्या दुःखाला नाव देण्याचे बळ येते, हे इंग्रजीच्या काही मोजक्या अध्यापकांनी दाखवून दिले. पदवीच्या अभ्यासक्रमात परभाषा कशासाठी ठेवावी, या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर या प्रदेशाने आजवर दिलेले नाही.

नांदेडात हेच कार्य वेगळ्या रीतीने चालले होते. पीपल्स महाविद्यालयात मराठीचे अध्यापन करणारे नरहर कुरुंदकर १९७७ साली प्राचार्य झाले. त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर हे उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते आणि कुरुंदकरांचे काही शिक्षणही हैदराबादेत झाले होते; त्यामुळे त्या शहरातील बहुभाषिक वातावरण त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. भरताच्या नाट्यशास्त्रापासून मार्क्सपर्यंत आणि इस्लामी राजवटींच्या इतिहासापासून आधुनिक लोकशाहीपर्यंत कोणताही विषय, मूळ ग्रंथ कोणत्या भाषेतला आहे याची तमा न बाळगता, ते सरळ मराठीत मांडीत. त्यांच्या व्याख्यानाला येणारा श्रोता इंग्रजीत राहिलेला असेल किंवा नसेल. त्याला जगाच्या विचारव्यवहारात जागा मिळे.

याच काळात आणखी एका भाषेचा वारा या भागात आला, आणि तो कोणत्याही अभ्यासक्रमाने आणलेला नव्हता. मॉस्कोच्या प्रकाशनगृहांची स्वस्त आणि देखणी पुस्तके पुस्तक-प्रदर्शनांतून व फिरत्या गाड्यांतून मराठी मुलुखात पोहोचली. अनिल हवालदार यांच्यासारखे मराठी अनुवादक मॉस्कोत राहून रशियन पुस्तके थेट मराठीत आणीत होते. हैदराबादच्या केंद्रीय संस्थेने १९७२ साली इंग्रजीच्या जोडीला अन्य परकी भाषाही शिकवण्यास प्रारंभ केला होता. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत मात्र पदवीस्तरावर रशियन शिकण्याची व्यवस्था झाली नाही. वाचक तयार होता, पण वर्ग नव्हता.

चौथे दशक : १९८०–१९९०

१९८२ साली कुरुंदकरांचे अकाली निधन झाले आणि मराठवाड्याच्या विचारविश्वात एक पोकळी निर्माण झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. या दशकात लातूरच्या महाविद्यालयांनी, विशेषतः शाहू आणि दयानंद यांनी, नियोजित अध्यापन, सततचा सराव आणि प्रश्नपत्रिकांचे सूक्ष्म विश्लेषण यांच्या बळावर बोर्डाच्या गुणवत्ता यादीत जे स्थान मिळवले, तेच पुढे ‘लातूर पॅटर्न’ या नावाने राज्यभर ओळखले गेले. ग्रामीण भागातील मुलांनी पुण्या-मुंबईच्या मुलांशी बरोबरी करावी, ही त्यामागील जिद्द अभिनंदनीय होती आणि तिचे फळ असंख्य कुटुंबांना मिळाले.

भाषाशिक्षणाच्या दृष्टीने मात्र या यशाची एक बाजू नोंदवून ठेवली पाहिजे. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला द्विलक्षी (व्यवसायाभिमुख) विषय घेतला म्हणजे द्वितीय भाषा सोडण्याची मुभा असे. गुणांच्या शर्यतीत द्विलक्षी विषय लाभदायक ठरत असल्यामुळे अनेक हुशार मुलांचा इंग्रजीखेरीज अन्य कोणत्याही भाषेशी असलेला संबंध अकरावीतच संपला. महानगरांतील महाविद्यालयांत त्याच सुमारास विद्यार्थी द्वितीय भाषा म्हणून जर्मन वा फ्रेंच घेत. तेथेही ओढ गुणांचीच होती, परंतु निदान एका नव्या भाषेची आणि एका नव्या देशाची ओळख त्यांना होई. कला शाखेत त्याच वेळी गाइडांचा सुळसुळाट झाला, वीरकरांचा इंग्रजी शब्दकोश मागे पडला आणि कम्पल्सरी इंग्रजीचा पेपर अपेक्षित प्रश्नांच्या पाठांतरावर सुटू लागला.

पाचवे दशक : १९९०–२०००

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्या आपत्तीनंतर देशोदेशींचे साहाय्य या भागात आले, जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचे प्रचंड काम उभे राहिले, आणि बाहेरच्या जगाशी व्यवहार करू शकणारी माणसे जिल्ह्यातच असणे किती निकडीचे आहे, याची जाणीव सर्वांना झाली.

पुढच्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिसंग्राम-दिनाचे औचित्य साधून नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. नांदेड, लातूर आणि त्या वेळचा परभणी हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात आले. विद्यापीठाचे मुख्यालय कोठे असावे यावर त्या काळी बरीच मतमतांतरे झाली. मुख्यालय नांदेडजवळ विष्णुपुरी येथे आणि उपकेंद्र लातुरात, अशी व्यवस्था होऊन त्या चर्चेवर पडदा पडला, तो येथे पुन्हा वर करण्याचे प्रयोजन नाही. पहिले कुलगुरू म्हणून डॉ. जनार्दन वाघमारे यांची नियुक्ती झाली आणि लातूरच्या प्राचार्यपदापासून सुरू झालेला त्यांचा प्रवास नांदेडात येऊन पोहोचला. विषयवार सुट्या विभागांऐवजी परस्परसंबद्ध विषयांची संकुले उभारण्याचे धोरण या विद्यापीठाने स्वीकारले आणि त्यातूनच भाषा, वाङ्मय व संस्कृती अभ्यास संकुल आकाराला आले. भाषा आणि संस्कृती या दोहोंना एका छताखाली आणणाऱ्या या नामाभिधानात मागील चाळीस वर्षांचा अनुभव साठवलेला आहे. पीपल्स महाविद्यालय आपल्या संस्थापकाच्या नावाच्या विद्यापीठाशी संलग्न झाले, हा योगही कृतार्थतेचा म्हटला पाहिजे.

सहावे व सातवे दशक : २०००–२०२०

संगणक आला, भाषा-प्रयोगशाळा निघाल्या, ‘कम्युनिकेशन स्किल्स’ हा शब्द सर्वांच्या तोंडी झाला आणि पदवीबरोबर प्रमाणपत्र अभ्यासक्रम देण्याच्या योजनांना विद्यापीठ अनुदान आयोगाने उत्तेजन दिले. तरीही नांदेड-लातूरच्या ज्या विद्यार्थ्याला जर्मन, फ्रेंच किंवा जपानी नेटाने शिकावयाची होती, त्याने बहुधा पुणेच गाठले. फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीत भरणारे पुणे विद्यापीठाचे परकीय भाषांचे वर्ग अशा अनेकांचे पहिले आश्रयस्थान होते. इतरांनी हैदराबादचा जुना मार्ग धरला. तेथील केंद्रीय संस्था २००७ साली इंग्रजी व परकीय भाषांचे केंद्रीय विद्यापीठ झाली होती.

या वीस वर्षांत परदेशी जाणाऱ्यांची जातकुळीही बदलली. लातूर-नांदेडच्या शिकवणी-वर्गांत वैद्यकीय प्रवेशाची तयारी केलेली, पण येथील जागांच्या टंचाईमुळे प्रवेश न मिळालेली मुले-मुली रशिया, युक्रेन, किर्गिझस्तान यांसारख्या देशांत जाऊ लागली. तेथील शिक्षण इंग्रजीतून असले, तरी रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहिल्यावर त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलावे लागते. आणि ही भाषा त्यांना तिकडे पोहोचल्यावर शून्यापासून गिरवावी लागली. पुढे २०२२ साली युक्रेनमधील युद्धामुळे अनेक विद्यार्थी शिक्षण अर्धवट टाकून मायदेशी परतले, तेव्हा त्या दूरदेशांच्या इतिहासाची आणि परस्परवैराची आपल्याला किती तोकडी माहिती आहे, हेही उघड झाले.

वर्तमान : २०२० पासून

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने भारतीय भाषांबरोबर कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज व रशियन या परकी भाषांचा माध्यमिक स्तरावर पर्याय म्हणून नामनिर्देश केला आहे. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत या धोरणानुसार पदवीची नवी रचना २०२४-२५ पासून अमलात आली. मुख्य विषयाखेरीज अन्य शाखेचा विषय घेण्याची सवलत, कौशल्याधिष्ठित अभ्यासक्रम आणि चौथ्या वर्षाची सोय यांमुळे परभाषेला पदवीच्या चौकटीत प्रथमच ऐसपैस जागा मिळू शकते. तिचा उपयोग करणे न करणे आता महाविद्यालयांच्या हाती आहे.

मागणी तर दाराशी येऊन उभी आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्यासंबंधी करार केला. प्रारंभी दहा हजार तरुणांना तेथे पाठवण्याचा मनोदय असून त्यासाठी जर्मन भाषेचे प्रशिक्षण हा त्यातील अत्यावश्यक भाग आहे. लातूरजवळ हरंगुळ येथे उभारलेल्या मराठवाडा रेल्वे कोच कारखान्यात वंदे भारत शयनयान गाड्या बांधण्याचे काम ज्या कंपनीकडे आले, तिच्यात रेल विकास निगमाबरोबर रशियातील ट्रान्समॅशहोल्डिंग हा उद्योगसमूह भागीदार आहे. २०२३ साली तसा करार झाला. अर्धशतकापूर्वी मॉस्कोची पुस्तके फिरत्या गाडीतून मराठी वाचकापर्यंत आली, आणि आता मॉस्कोचे अभियंते लातूरच्या कारखान्याशी व्यवहार करीत आहेत. मधल्या काळात लातुरात रशियन शिकवणारा पदवीचा वर्ग निघाला असता, तर आज त्याचे मोल कोणाला समजावून सांगावे लागले नसते.

पंचाहत्तर वर्षांचा हा आढावा घेतल्यावर एक निष्कर्ष निःसंकोचपणे मांडता येतो. या भागात परभाषा जेव्हा केवळ नोकरीसाठी वा पेपरासाठी शिकली गेली, तेव्हा नोकरी मिळाली किंवा पेपर सुटला, आणि त्याहून अधिक काही झाले नाही; परंतु जेव्हा ती त्या समाजाच्या इतिहास-साहित्यासह शिकली गेली, तेव्हा तिने मराठवाड्याचे सार्वजनिक जीवन बदलले. फारसी शिकलेला पेशकार दफ्तरात राहिला. कृष्णवर्णीयांचे साहित्य वाचलेल्या अध्यापकाने एका साहित्यचळवळीला बळ दिले. जर्मनीतील परिचारकाच्या नोकरीसाठी चार महिन्यांचा वर्ग घेणे आवश्यकच आहे, त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. पण पदवी देणाऱ्या महाविद्यालयाचे काम तेथे संपत नाही. ज्या देशात आपली मुले जाणार, तो देश दोन महायुद्धांतून कसा गेला, तेथे परक्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतात, त्यांचे कवी कोण आणि कामगार-कायदे कोणते, हेही पदवीच्या अभ्यासात आले पाहिजे.

  आजी-माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. आपणांपैकी जे आज जर्मनी, जपान, रशिया किंवा अन्य देशांत स्थायिक आहेत अथवा तेथून शिकून परतले आहेत, त्यांनी नांदेड-लातूरच्या कोणत्याही एका महाविद्यालयात, प्रत्यक्ष येऊन वा दूरस्थ पद्धतीने, आठवड्यातून एक तास आपली भाषा शिकवण्याची तयारी दाखवावी, आणि ज्यांना ते जमणार नाही त्यांनी महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला त्या भाषेचा एक चांगला कोश आणि त्या देशाच्या इतिहासाचे एक पुस्तक पाठवावे. वर्गखोल्या आहेत, विद्यार्थी आहेत आणि नव्या अभ्यासक्रमात जागाही आहे. शिकवणारे मात्र हवे आहेत.